धुराचा धनी

सातवीतली भाची गेल्या पावसाळ्यात एक तक्ता घेऊन माझ्याकडे आली. शाळेचा प्रकल्प होता : 'माझ्या घराचं कार्बन पाऊल'. विजेचे युनिट, गॅसचे सिलिंडर, दुचाकीचं पेट्रोल, वर्षभरातला प्रवास, असे रकाने. प्रत्येक आकड्याला कशाने तरी गुणायचं आणि खाली बेरीज मांडायची. तिनं सगळं भरलं होतं, बेरीजही केली होती. फक्त एक अडचण होती. "मामा, कारखान्याचं पाऊल कुठल्या रकान्यात लिहायचं?"

आमचं गाव वाशिंद. गावाला लागून जिंदालचा पत्र्याचा कारखाना आहे, 1982 सालापासूनचा. तिच्या दृष्टीनं तो शेजाऱ्याच्या घरासारखाच. मग त्याचं पाऊल कुणी मोजायचं, हा प्रश्न रास्त होता. मी तिला "बघून सांगतो" म्हणालो आणि सवयीप्रमाणे मागं मागं जात राहिलो. मी काही शास्त्रज्ञ नव्हे. जुनी गॅझेटियर, रेल्वेचे अहवाल, कोर्टाचे निकाल वाचत बसायचा नाद आहे, एवढंच. त्या वाचनातून हाती लागलं ते असं, की भाचीचा प्रश्न आमच्या या पट्ट्यात निदान दीडशे वर्षं विचारला जातो आहे. दर वेळी शब्द मात्र वेगळे.

मुंबई-ठाणे गाडी 1853 साली सुरू झाली हे सगळ्यांना पाठ असतं. पुढचं कमी जणांना ठाऊक असतं. 1854 मध्ये रूळ कल्याणला पोचले आणि 1855 मध्ये वाशिंदला. तिथं काम थबकलं, आणि 1860 पर्यंत आमचं वाशिंद हे या मार्गाचं शेवटचं टोक होतं. घाटावर जाणारा माल इथं गाडीतून उतरून बैलगाड्यांवर चढायचा. 1861 मध्ये रूळ कसाऱ्याला गेले, 1865 मध्ये थळ घाट चढून इगतपुरीला. इंजिनाचा कोळसा विलायतेहून जहाजानं यायचा. जमिनीतून काढलेलं इंधन जळताना आमच्या लोकांनी पहिल्यांदा पाहिलं ते याच रुळांवर.

याच काळात शहापूर-मुरबाडच्या जंगलावर दुहेरी ओढ लागली. वाढत्या मुंबईला इमारती लाकूड हवं होतं, सरपण हवं होतं, लाकडी कोळसाही हवा होता, आणि ठाणे जिल्ह्याचं जंगल हाताशी होतं. जंगल विरळ होऊ लागल्यावर सरकारी कागदांत आरोपी म्हणून कोण उभा राहिला? राब भाजणारा कुणबी, दळी करणारा ठाकूर, कोळसा पाडणारा कातकरी.

राब म्हणजे काय हे शहरातल्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. भाताचं रोप टाकायच्या तुकड्यावर शेण, झाडांचा टहाळ, गवत, पालापाचोळा यांचे थर देऊन वर माती पसरतात आणि पेटवून देतात. तण मरतं, राखेचं खत मिळतं. चैत्र-वैशाखात आमच्याकडे अजूनही माळांवर संध्याकाळी हा धूर रेंगाळतो. 1878 च्या वनकायद्यानंतर टहाळ तोडण्यावर निर्बंध आले आणि ठाणे-कुलाब्यात इतका असंतोष माजला, की सरकारला 1885 मध्ये मुंबई वन आयोग नेमावा लागला. 1887 च्या त्याच्या अहवालात राबाला मोठी जागा आहे. कुठल्या झाडाचा टहाळ घ्यावा, किती घ्यावा, याचा कीस पाडलेला आहे. मुंबईच्या बाजारात जाणाऱ्या लाकडाचा मात्र असा झाडागणिक हिशेब कुणी लाकूड जाळणाऱ्याकडून मागितला नाही. राबाचा जंगलाला काहीच त्रास नव्हता असं मी म्हणत नाही, होता. पण ज्याची आग उघड्यावर होती त्याची मोजदाद झाली. ज्याची आग चार भिंतींआड किंवा लोखंडी बंबात होती, तो मोजदादीतून निसटला.

बंबातल्या आगीची पाळी आली ती मुंबईत, आणि कारण जंगल नव्हतं. गिरण्यांच्या धुराड्यांमुळे शहरातल्या प्रतिष्ठितांचे डोळे चुरचुरू लागले होते. कलकत्त्यात 1905 मध्ये धूर-उपद्रवाचा कायदा झाला, मुंबईत 1912 मध्ये. हा कायदा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण धुराला धनी असतो ही गोष्ट त्यानं लिहून ठेवली. भट्टी ज्याची, जबाबदारी त्याची. काळा धूर ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की दंड. गिरणीत कापड विणणारा, ते कापड नेसणारा, यांना कुणी काही विचारलं नाही.

पण धूर काळा का होतो? कोळसा नीट जळत नाही म्हणून. भट्टीची हवा सुधारली, कोळसा टाकण्याची पद्धत बदलली, की धूर पांढुरका होतो आणि कोळसाही वाचतो. म्हणून हा कायदा मालकांना फार जड गेला नाही. नीट जळलेल्या कोळशातून निघणारा कार्बन डायऑक्साइड वायू मात्र डोळ्यांना दिसत नाही. 1912 च्या निरीक्षकाच्या दृष्टीनं तो धूरच नव्हता. पुढं शंभर वर्षांनी जो वायू सगळ्या जगाला पुरून उरणार होता, तो त्या स्वच्छ दिसणाऱ्या धुराड्यांतून निर्वेध वर जात राहिला.

गिरण्यांचा कोळसा खऱ्या अर्थानं कमी झाला तो वेगळ्या वाटेनं. टाटांची जलविद्युत कंपनी 1910 मध्ये स्थापन झाली, 1915 मध्ये खोपोलीचं वीजघर सुरू झालं आणि सह्याद्रीवर पडणाऱ्या पावसावर मुंबईच्या गिरण्या फिरू लागल्या. यात कुणाला पर्यावरणाचा पुळका नव्हता. बंगालहून किंवा परदेशातून कोळसा आणण्यापेक्षा लोणावळ्याचं पाणी सोडणं परवडत होतं. भांडवल, सरकारचा पाठिंबा आणि भूसंपादनाचा कायदा या तिन्ही गोष्टी जुळल्या. आज ज्याला आपण मोठं ऊर्जा-संक्रमण म्हणतो, तसं एक मुंबईनं तेव्हा करून दाखवलं, तेही मुंबईकरांच्या सवयी न बदलता.

त्याचं मोल मुळशी खोऱ्यानं दिलं. 16 एप्रिल 1921 ला, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी धरणाच्या कामावर सत्याग्रह सुरू केला. (1853 ची पहिली गाडीही 16 एप्रिललाच सुटली होती.) सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे यांची नावं सर्वांना माहीत आहेत. पन्नासएक गावांच्या भातजमिनी पाण्याखाली गेल्या आणि 1927 मध्ये भिऱ्याचं वीजघर चालू झालं. बिनधुराची वीज हवी की नको, असा त्या शेतकऱ्यांचा प्रश्नच नव्हता. आपल्याला न विचारता आपली जमीन का घेता, एवढंच ते विचारत होते. कोळसा टळल्याचा फायदा गिरणीच्या हिशेबात जमा झाला, नुकसान मुळशी पेट्यात राहिलं.

आता पुन्हा आमच्या रुळांवर येतो. थळ घाटाचा चढ सदतिसास एक. वाफेच्या दिवसांत गाडीला कसाऱ्याहून मागून जादा इंजिन लावावं लागे. माझी आजी कसाऱ्याची. इंजिनांच्या भट्ट्या झाडल्या की राखेच्या ढिगाऱ्यातून अर्धवट जळलेले कोळसे वेचायला ती आणि तिच्या बहिणी टोपल्या घेऊन जायच्या. घरची चूल त्यावर चालायची, उरलेले विकायचे. 1930 च्या आसपास कल्याण-इगतपुरी मार्गावर विजेची इंजिनं आली. मालगाडीच्या त्या लांब, सांधे असलेल्या हिरव्या इंजिनाला रेल्वेतले लोक 'खेकडा' म्हणायचे. घाटातला धूर हळूहळू संपला. आजी सांगायची, "इंजिन बदललं आन् आमची चूल उपाशी ऱ्हायली." मग त्या बहिणी पुन्हा जंगलात सरपणाला जाऊ लागल्या, आणि तिथं रखवालदाराशी गाठ.

ही आठवण मी बरीच वर्षं गंमत म्हणून सांगत असे. आता तशी वाटत नाही. एका कंपनीनं इंधन बदललं आणि लाखो प्रवाशांचा प्रवास एका फटक्यात बदलला. तिकिटाच्या खिडकीवर कुणी विचारलं नव्हतं, की तुम्हाला वाफेची गाडी हवी की विजेची. आणि त्याच निर्णयानं ज्यांची चूल विझली त्यांची कुणी नोंदही ठेवली नाही.

शिवाय धूर संपला म्हणजे कोळसा संपला असंही झालं नाही. रेल्वेनं स्वतःचं वीजघर बांधलं ते ठाकुर्लीजवळ चोळे इथं, आणि ते कोळशावर चालत होतं. घाटभर पसरलेला धूर गोळा करून एका ठिकाणच्या उंच धुराड्यांतून सोडला गेला, असंच म्हणायचं. 1980 च्या दशकाच्या अखेरीस ते बंद पडलं. कल्याणकडे जाताना त्याची ओस इमारत बरीच वर्षं दिसायची. आज रेल्वेचे बहुतेक सगळे मोठे मार्ग विजेवर आहेत आणि याचा अभिमान वाटावा अशीच ती कामगिरी आहे. पण देशातली सत्तर टक्क्यांहून अधिक वीज अजून कोळशातून येते. कसारा लोकलचा धूर विदर्भातल्या किंवा छत्तीसगडमधल्या कुणाच्या तरी अंगणात पडतो. तो आपल्याला दिसत नाही, एवढाच फरक.

मात्र एकत्र केलेल्या धुराचा एक फायदा असतो. त्याच्या दारात जाऊन उभं राहता येतं. याचा पुरावा आमच्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात आहे, डहाणूला. (डहाणू 2014 पासून पालघर जिल्ह्यात गेलं.) तिथली गोष्ट जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे.

मुंबईच्या उपनगरांना वीज पुरवणाऱ्या बीएसईएस कंपनीनं 1980 च्या दशकात डहाणूच्या खाडीकाठी 500 मेगावॅटचं औष्णिक केंद्र बांधायचं ठरवलं. चिकूच्या वाड्या, वारली पाडे, मासेमारी असा तो मुलूख. स्थानिक नागरिक उच्च न्यायालयात गेले आणि हरले. सर्वोच्च न्यायालयात गेले, 1991 मध्ये तिथंही केंद्र थांबलं नाही. पण परवानगीची एक अट कायम राहिली : धुरातला गंधकाचा वायू धुऊन काढणारी यंत्रणा बसवायची. त्याच वर्षीच्या जूनमध्ये केंद्र सरकारनं डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. 1995 मध्ये केंद्र सुरू झालं. यंत्रणा नव्हतीच.

कागदावरच्या अटीचं पुढं काय होतं हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं. इथं तसं झालं नाही, कारण 1996 मध्ये बिट्टू सहगल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं डहाणूसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमायला सांगितलं आणि त्याचं अध्यक्षपद न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्याकडे आलं. दादा धर्माधिकारींचे चिरंजीव, स्वातंत्र्यसैनिक, लेखक. या अंकाच्या वाचकांना त्यांची वेगळी ओळख करून द्यायला नको. प्राधिकरणानं 1999 मध्ये यंत्रणा बसवण्याचा आदेश दिला. कंपनीचं म्हणणं होतं की आमचा कोळसा कमी गंधकाचा आहे, गरज नाही. तारखा पडल्या, मुदती गेल्या, कंपनीची मालकी बदलली, प्राधिकरणानं बँक हमी मागितली, प्रकरण पुन्हा न्यायालयांत गेलं. शेवटी 2007 मध्ये यंत्रणा चालू झाली. अट घालण्यापासून ती पाळली जाईपर्यंत दीड तपाहून अधिक काळ लागला. या सगळ्या काळात नर्गिस इराणी आणि कितायून रुस्तम यांच्यासारख्या डहाणूच्या बायका फायली घेऊन हेलपाटे घालत राहिल्या.

मला ही गोष्ट आवडते आणि अस्वस्थही करते. आवडते, कारण भट्टीच्या धन्याला जबाबदार धरता येतं हे तिच्यात दिसतं. डहाणूच्या लोकांना कुणी 'दिवे कमी लावा' असं सांगितलं नाही. मुळात ती वीज त्यांच्यासाठी नव्हतीच. अस्वस्थ करते, कारण ती अपवाद राहिली. डिसेंबर 2015 मध्ये केंद्र सरकारनं देशातल्या सगळ्या औष्णिक केंद्रांना गंधकाचं असंच बंधन घातलं, दोन वर्षांची मुदत देऊन. मुदत वाढत वाढत गेली आणि 2025 च्या जुलैमध्ये तीन चतुर्थांशाहून अधिक संचांना सरसकट सूट मिळाली. डहाणूच्या नळकांड्याला जे जमलं ते बाकीच्यांना परवडत नाही म्हणे. धर्माधिकारी 2019 च्या जानेवारीत गेले. त्यांच्या काळात, 1998 मध्ये, ज्या प्राधिकरणानं वाढवण बंदर नाकारलं होतं, त्याच प्राधिकरणानं 2023 मध्ये वाढवण बंदराला सशर्त परवानगी दिली. यंत्रणा माणसावर किती अवलंबून असते ते यावरून कळतं.

आणि डहाणूची यंत्रणा गंधक धुते, कार्बन नाही. गंधकाचा त्रास चिकूच्या मोहोराला होतो, म्हणून बागाईतदार कोर्टात जाऊ शकतो. कार्बन डायऑक्साइडचं तसं नाही. तो शहापूरचा की शांघायचा हे हवेत गेल्यावर ओळखता येत नाही, आणि त्याचा ताप ज्याला होतो तो धुराड्यापासून हजारो मैल लांब असू शकतो. मग इथं धनी शोधायचा कसा?

रिचर्ड हीड या अमेरिकन संशोधकानं 2014 मध्ये एक वेगळी वाट काढली. जाळणारे मोजायचे सोडून त्यानं खणून काढणारे मोजले. 1751 ते 2010 या काळातल्या औद्योगिक कार्बन आणि मिथेनपैकी 63 टक्के उत्सर्जन अवघ्या 90 कंपन्या नि सरकारी संस्थांच्या कोळसा, तेल, वायू आणि सिमेंटपर्यंत त्यानं पोचवून दाखवलं. त्या यादीत पाश्चात्त्य तेलकंपन्या आहेत, तशी आपली कोल इंडियाही आहे. आणि याच्या दहाएक वर्षं आधी त्या तेलकंपन्यांपैकीच एकीनं, बीपीनं, जाहिरातींतून घराघरांत 'कार्बन फूटप्रिंट' हा शब्द पोचवला होता, स्वतःचं पाऊल मोजायच्या यंत्रासकट. भाचीच्या शाळेतला तक्ता कुठून निघून वाशिंदला पोचला असेल याचा अंदाज यावरून येतो. पाऊल मोजणं खोटं नव्हे. पण तेल विकणाऱ्यानं गिऱ्हाइकाला हिशेबाची वही द्यावी, हे मला 1887 च्या राबासारखं वाटलं. ज्याची आग उघड्यावर आहे, त्याचीच मोजदाद.

हीडची यादी हाती आल्यावर माझं समाधान व्हायला हवं होतं. तसं पूर्ण झालं नाही. कारण जिंदालचा पत्रा.

या कारखान्यात लोखंड वितळत नाही. पोलादाच्या गुंडाळ्या येतात, त्या थंड लाटून पातळ करतात, जस्ताचा मुलामा देतात, रंग चढवतात. समूहाच्या मोठ्या झोतभट्ट्या कर्नाटकात तोरणगल्लूला आणि रायगडात डोलवीला आहेत. कोळशाचं खरं जळण तिथं. भारतात एक टन पोलादामागं सरासरी अडीच टन कार्बन डायऑक्साइड निघतो. 2024 च्या डिसेंबरात सरकारनं 2.2 टनांपेक्षा कमी असेल त्या पोलादाला 'हरित' म्हणायचं ठरवलं. (रंग लावायच्या बाबतीत आपण वाशिंदकरच पुढं आहोत असं मला वाटायचं.) 2026 च्या जानेवारीपासून युरोपात जाणाऱ्या पोलादाला त्याच्या कार्बनची किंमत मोजावी लागेल असं ठरलं, आणि सेबीनं पहिल्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना उत्सर्जन जाहीर करणं 2022-23 पासून बंधनकारक केलंच आहे. म्हणजे भाचीला हवा असलेला रकाना कुठंतरी भरला जातो आहे.

पण पत्रा शेवटी कुणाच्या डोक्यावर आहे? शहापूर-मुरबाडचा कुठलाही पाडा बघा. माझ्या लहानपणी गवताची, पेंढ्याची छपरं होती, बऱ्या घरांवर कौलं. दर दोन वर्षांनी गवत बदलावं लागे, आणि पावसाळ्यात कोपऱ्याकोपऱ्यात भांडी ठेवावी लागत. आता निळे, लाल पत्रे आहेत. उन्हाळ्यात घर भट्टीसारखं तापतं, तरी गळत नाही. ज्या बाईच्या डोक्यावरचं छप्पर पहिल्यांदा गळायचं थांबलं, तिच्या नावावर तो अडीच टनांचा हिस्सा टाकायचा? मला ते पटत नाही. तो पूर्णपणे कंपनीच्या नावावर टाकून आपण हात झटकायचे, हेही जमत नाही. भट्टी कशावर चालवायची हे ठरवणं कंपनीच्या आणि सरकारच्या हातात आहे. छप्पर नको असं ठरवणं त्या बाईच्या हातात नाही. मला वाटतं जबाबदारी वाटायची तर ती या मापानं : ज्याच्या हातात जेवढा निर्णय, तेवढी. जळण कुणी वापरलं यावरून ती ठरू नये. घाटातल्या इंजिनांपासून डहाणूपर्यंत धूर जिथं कमी झाला तिथं निर्णय कुणाच्या हाती होता ते माहीत होतं. मुळशीला आणि कसाऱ्याच्या राखेच्या ढिगाऱ्यावर जी माणसं भरडली गेली, त्यांच्या हाती तो नव्हता.

भाचीला हे सगळं सांगून झालं नाही. ती अर्ध्यातच कंटाळली. तिला तक्ता दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. मग आम्ही प्रवासाच्या रकान्याकडे वळलो. तिचे वडील रोज लोकलनं ठाण्याला जातात, त्यामुळे आकडा अगदी किरकोळ होता. शेजारच्यांनी यंदा मोटार घेतली, त्यांचा आकडा मोठा येणार, यावर ती खूश होती.

शेजाऱ्यांना मी दोष देत नाही. सकाळी वाशिंदच्या फलाटावर उभं राहून कसाऱ्याहून भरून येणाऱ्या गाडीत शिरून बघावं. कल्याण-कसारा तिसऱ्या मार्गिकेचं काम एक तपाहून अधिक काळ चाललं आहे; अंतर साधारण सदुसष्ट किलोमीटर. त्याच शहापूर तालुक्यातून जाणारा 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग 2015 मध्ये जाहीर झाला, आणि इगतपुरी ते आमणे हा त्याचा शेवटचा टप्पा 2025 मध्ये 5 जूनला, जागतिक पर्यावरण दिनी, खुला झाला.

भाचीनं तक्त्याच्या खाली, 'सुधारणेसाठी उपाय' या ओळीत, शेवटी काय लिहिलं ते मी पाहिलं. 'दिवे बंद करू' हे होतंच. त्याखाली पेन्सिलीनं, 'तिसरी लाइन लवकर व्हावी.'